कोपऱ्यावरचा उलटा टाका

गेवराईच्या स्टँडवर दिपाली बसची वाट बघत होती. शेजारी दोन अनोळखी बायका बोलत होत्या, एक म्हातारी आणि दुसरी मांडीवर गोधडी घेतलेली.

“ही गोधडी कुणी शिवली, बाई?”

“कावून? बाजारातली हाय.”

“कोपऱ्यावर टाका उलटा फिरलाय. माझी छबू असाच फिरवायची. वेणी घातली तर शेवटचा पेड उलटा, उसाची मोळी बांधली तर शेवटचा पीळ उलटा.”

“आसं लई जणी करत असतील.”

“मी तर दुसरी न्हाई बघितली. पळून जाऊन लगीन केलं तिनं. तवापासून पोरीचं तोंड दिसलं न्हाई.”

“तुमच्या संगं कोण आलंय?”

“कुणी न्हाई.”

“मग टपरीपाशी उभा हाय तो कोण? कवाचा इकडंच बघतोय.”

“मला न्हाई ठावं. माझी पोरं छबूचं नाव सुदीक घेऊ देत न्हाईत. दवाखान्याचं सांगून निघाले मी.”

“खरं सांगा.”

दिपालीला राहवलं नाही. “तो माझा नवरा हाय. माझ्याकडं बघतोय.”

गोधडीवाली दिपालीकडं बघत राहिली, मग टपरीकडं. तेवढ्यात बस लागली.

“उटा मावशी. ही गेली तर आज छबूच्या गावाला दुसरी न्हाई.”