बसल्याजागचं काम

पाय अधू असलेल्या लेकराला बसल्याजागचं काम शिकवलं म्हंजी त्याच्या पोटाची सोय झाली, असं तुमाला वाटतं का? मला वाटलं होतं.

मी तलवाड्याचा. अब्बा इंजिनं दुरुस्त करायचे, मी विहिरीवरच्या मोटारींकडं वळलो, मोटार जळाली की जुनी तार काढायची, नवी भरायची, सगळं हाताचं काम, पाय लागतच न्हाईत, म्हणून बीडच्या एका अपंगांच्या वसतिगृहानं मला शिकवायला बोलावलं. पोरं चाचा म्हणायची. आष्टीकडची सुनंदा सगळ्यांत हुशार, दोन्ही पायांना कॅलिपर, पण बोटं अशी की काय सांगू तुमाला, तारेचे वेढे न मोजता बरोबर भरायची. मी म्हणायचो मोजत जा गं, तर म्हणायची, चाचा, तुमी पावलं मोजत चालता का?

शिकून झाल्यावर नोकरी कोण देतंय, म्हणून पोरांची सहकारी संस्था काढली, सुनंदाला चेअरमन केलं. नोंदणीचं हापिस वरच्या मजल्यावर. पोरं बसून बसून जिना चढली. साहेब म्हणाले, अरे, खाली सह्या घेतल्या असत्या की. पण खाली येऊन तसं सांगितलं कुणी न्हाई.

तवा दुष्काळ लागलाच होता. पहिल्या साली लई काम. विहिरी खोल गेल्या, मोटारी कोरड्या चालून जळाल्या, संस्थेच्या दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई. लोकं टँकरची वाट बघत होते आन आमी येडे, बरकत आली म्हणत होतो. दुसऱ्या साली विहिरीच आटल्या. मोटार चालंचना, मग जळंल कशी? नीट केलेल्या मोटारीसुद्धा कुणी न्यायला येईना.

मी आपला धीर द्यायचो, पाऊस पडंल, पडंल. एक दिवस सुनंदा हळूच म्हणाली, चाचा, तुमी आमचे पाय बघितले, विहिरी न्हाई बघितल्या. काय शिकायचं ते आमाला इचारलं तरी होतं का?

न्हवतं इचारलं.

दिवाळी झाली आन आई-बाप तिला ऊसतोडीला घेऊन गेले, कोयता धरायला न्हाई, पाचटाच्या झोपडीत, कोपीवर, लोकांची लेकरं सांभाळायला. मग एकेक करून सगळीच गेली. टोळीतल्या बाया म्हणं, लेकरू रडलं की तिला हाक मारतात, ए चेअरमन, बघ गं जरा.

आता हापिसानं कळवलंय, सभासदांची सभा झाली न्हाई तर संस्था मोडीत. मी कशी घेणार सभा? मी सभासदच न्हाई, माझे पाय धड हायेत. रोज दुकान उघडतो, बसतो, झाकतो.

तुमचं साखर कारखान्याकडं जाणं झालं, तर कोप्यांपाशी थोडं थांबा. कॅलिपरवाली पोरगी लेकरं घेऊन बसलेली दिसंल. तिला सांगा, चाचा सभेसाठी बोलावतोय, धंदा कोणता ते यावेळी तुमीच ठरवा. ती न्हाई म्हणाली तर समजूत घालू नका. का न्हाई म्हणती ते मधी न बोलता ऐकून घ्या, आन मला येऊन सांगा.