सर्किट माझं, कान बाबांचे

...नाही, पण मला सांगा, बापाचं भलं करायला जाणं हा काय गुन्हा आहे? हेतू चांगला होता हो माझा! तुम्हाला सांगतो, आमच्या बाबांना उठल्यापासून झोपेपर्यंत रेडिओ लागतो, आणि त्या रेडिओला सारखे दोन नवे सेल लागतात, म्हणजे बाबा जिने उतरणार, गुडघे धरून परत चढणार... आणि मी कोण? रेडिओ दुरुस्त करणारा! म्हटलं, टाकून दिलेल्या सेलमध्येही थोडी धुगधुगी असतेच, तीच वापरू! एक ट्रान्झिस्टर, एक डायोड, बोटभर कॉइल... ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, कॉइल दर वेळी विजेला ढुशी देते, इकडून एक व्होल्ट घाला, तिकडून तीन काढा! मीटर लावला, बरोब्बर तीन! बाबा आंघोळीला गेले तसं गुपचूप रेडिओत बसवलं. म्हटलं, सेल का संपत नाही म्हणून विचारतील, मग सांगू ऐटीत.

विचारलं! दुसऱ्याच दिवशी विचारलं! "अरे, रेडिओ ऐकताना माझ्या कानात सूंऽऽ होतंय रे..." मी रेडिओ कानाला लावला, तर काय! माझाच ट्रान्झिस्टर! त्याचीच शिट्टी! मीटर लावून तपासलं होतं मी, रेडिओ लावून तपासलंच नव्हतं! आई म्हणाली, "अहो, रेडिओच बिघडला असेल." तर बाबा काय म्हणाले असतील? "बिघडेल कसा? माझ्या मुलाचा हात लागलाय त्याला! कानच गेले माझे." आता यावर कोणत्या तोंडानं सांगायचं हो? मी म्हणालो, "डॉक्टरांना दाखवू." जीभ झडली कशी नाही माझी!

डॉक्टरांनी कानात बघितलं, थेंब दिले. बाबांनी रेडिओ कपाटात ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. चार दिवस! हेतू चांगला होता हो, पण हेतूनं काय बापाला बहिरं ठरवायचं? शेवटी सर्किट उपटलं, नवे सेल घातले, रेडिओ लावला, आवाज कसा खणखणीत! म्हटलं, आता पाय धरायचे. "बाबा, ते मी..." तर बाबा ताडकन उठले! "गेलं! सूं गेलं! अगं, थेंबांनी गुण आला!" डोळ्यांत पाणी हो त्यांच्या... आणि निघाले बाटली घेऊन! शेजारचे काका, वरच्या मावशी, पोस्टमन... धडधाकट माणसं माना वाकड्या करून बसलीत!

मी मागं मागं. "बाबा, ऐका ना, चूक माझी..." पण आवाज फुटेल तर शपथ!

"काय पुटपुटतोस? स्वतःचं बोलणं तरी ऐकू येतंय का तुला?" बाबा थांबले, माझ्याकडे निरखून बघितलं, आणि इतक्या मायेनं म्हणाले, "दिवसभर त्या दुकानातली खरखर ऐकून तुझेही गेले रे कान..."

काय करणार? केली मान वाकडी. दोन-दोन थेंब, दिवसातून तीनदा.