शालननं शिकवलेली मुळ्याची भाजी

मी शेळगावचा, जलम हितलाच आन् समदी हयात हितल्याच मातीत गेली. वडलांपासनं आमच्यात माळवं, त्यात गाजर, बीट आन् मुळा जास्ती, म्हंजी जे जमिनीखाली वाढतं ते. दिस उगवायच्या आत मुळा उपटायचा, हौदात धुवायचा, जुड्या बांधायच्या आन् गाडी इंदापूरला न्हायतर बारामतीला. थंडीत बोटं बधिर व्हायची. पण काय सांगू तुमाला, मुळा धुण्यात जलम गेला आन् त्याची भाजी कशी करत्यात ते मला ठावं न्हवतं. बाप्यानं चुलीम्होरं बसायचं न्हाय, आमच्या घरची रीतच तशी. पाण्याचा तांब्यासुदा बायकांनीच हातात द्यायचा. रीत म्हणायचं आपण, पण आळस तो, दुसरं काय.

आमची मंडळी शालन, कन्हेरीची. लगीन झालं तवा लई बारीक व्हती, बोलायची कमी. एक डाव, लगीन नवंच व्हतं, तिनं मुळ्याची भाजी केली. त्या दिशी बाजारात माल पडून राहिलेला, डोकं फिरलेलं, आन् ताटात परत तोच मुळा. म्या ताट सरकावलं, म्हणलं, हे जनावरापुढं टाक. तिनं ताट उचललं, पिठलं करून आणलं. त्यानंतर आमच्या घरात मुळ्याची भाजी झाली न्हाय. चाळीस वर्सं, बगा. शेतात गाडीच्या गाडी मुळा, आन् घरात एक दिस न्हाय. मला त्याचं काय वाटलंबी न्हाय, खरं सांगतो. ध्यानातच आलं न्हाय.

दोन वर्सांमागं शालनला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. ल्योक पुण्याला नोकरीला, सूनबी तिकडंच कामाला. लेक रंजना पणदऱ्यात दिलेली, ती महिनाभर राहिली, पण तिच्या दावणीला सा गाया, ती तरी किती दिस थांबणार? मग आमी दोघंच. शेजारनं डबा यायचा, पण शालन तोंड फिरवायची. अंगावरचं मांस झडलं. डॉक्टर म्हणलं, खाल्लं न्हाय तर औशीद काय करणार?

एक दिस म्या तिच्या खाटंजवळ बसलो, म्हणलं, अगं, तुला काय खावं वाटतं ते तरी सांग. जड जिभंनं बोलली. मुळा, म्हणली. मला वाटलं, ऐकायला चुकलं. परत इचारलं. परत तेच.

मग गेलो शेतात, चार मुळं उपटून आणलं. ती खाटंवरनं सांगायची, एक शबूद बोलायला तिला दम लागायचा. पाला फेकू नका, म्हणली. बारीक चिरा. मीठ लावून पिळा. हरबऱ्याची डाळ आधी भिजाया घाला. लसूण ठेचा, मिरची नको, मला ठसका लागंल. आन् म्या, सत्तरीला टेकलेला माणूस, इळीवर बसलो, दोन बोटं कापून घेतली. पयल्या दिशी भाजी करपली. तरी तिनं खाल्ली. चार घास, पण खाल्ली. ताट सरकावलं न्हाय.

रोज करत गेलो, तशी भाजी सुदरली आन् तीबी बोलाया लागली. तिची आई दुष्काळात खडी फोडाया जायची, येताना कुणाच्या तरी मळ्यातनं मोडका, फुटका मुळा मागून आणायची. त्यात मूठभर डाळ घालून पाच पोरांचं पोट भरायची. म्या म्हणलं, मग तू चाळीस वर्सं कशी काय केली न्हाईस? तवा म्हणली, आईचं तेरावं करून आले ना, त्या दिशी केली व्हती. तुमी म्हणला, जनावराला टाक.

मला ताट सरकावलेलं ठावं व्हतं, दिस कंचा ते डोक्यातच न्हवतं. म्या म्हणलं, अगं, मग तवाच सांगायचं न्हाईस व्हय? ती म्हणली, तुमी इचारलं व्हतं का?

म्या उठून भाईर गेलो, हौदाच्या कडंला बसलो. रडलो, सांगायला लाज कसली. मग आत येऊन डाळ भिजत घातली, दुसऱ्या दिसाची.

आता ती आधार दिला की बसती, डाव्या हातानं घास घेती. भावकीतली माणसं हसत्यात, म्हातारा चुलीत शिरला म्हणत्यात. म्हणू द्या.

मागच्या आठवड्यात रंजना आली. म्हणली, आबा, तुमचं वय झालं, दोघंबी पणदऱ्याला चला, मी बगते. माझ्या तोंडात व्हय आलंच व्हतं, पण म्या थांबलो. म्हणलं, तुझ्या आईला इचार. रंजनानं इचारलं. शालन म्हणली, वाफ्यातला मुळा संपंस्तवर हितंच.

रंजना गेली. म्या दुसऱ्याच दिशी अजून एक वाफा टाकला. मुळा खायाला यायला दीड महिना लागतो. देवानं तेवढं दिस द्यावं, मग परत टाकीन.