दोन कॉलेजं आणि नंबरकाकू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे विश्वस्त, माझे सहकारी, समोर बसलेले आमचे जुने-नवे पेशंट, आणि आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या नंबरकाकू! सर्वांना माझा सप्रेम नमस्कार. काकूंना खरं नाव आहे, ते हजेरीपटावर सापडतं. पण चौतीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढणाऱ्या बाईला दुसरं नाव शोभणार तरी कसं?

काकू पेशंटला "दिसतंय का?" असं कधीच विचारत नाहीत. माणसं भिडस्त असतात, हो म्हणून मोकळी होतात. त्या दोन भिंगं आलटून पालटून धरतात आणि विचारतात, "हे बरं, की ते बरं?" या प्रश्नापुढे इथे किती जणांना घाम फुटलाय? हात वर करा पाहू. डॉक्टरसाहेब, तुम्हीसुद्धा? बरं.

मलाही त्यांनी एकदा असंच समोर बसवलं होतं. शाळा नुकतीच संपली होती, सुटीत मी इथे दवाखान्यात भिंगं पुसायला आणि कागद लावायला येत असे. त्याच नादानं ऑप्टोमेट्रीला, म्हणजे डोळे तपासायच्या शिक्षणाला, अर्ज केले आणि दोन कॉलेजांची पत्रं आली. एक घरापासून सात स्टॉपवर. नवी इमारत, नवीकोरी यंत्रं. दुसरं गाडीनं अठरा तासांवर. इमारत जुनाट, पण शेजारी मोठं नेत्ररुग्णालय, आणि दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थ्याला थेट पेशंटपुढे बसवायचे. आठवड्यात उत्तर कळवायचं होतं.

काकूंनी दोन्ही पत्रं टेबलावर ठेवली. "हे बरं, की ते बरं?"

मी म्हटलं, "दोन्ही सारखीच."

"सारखंच म्हणणारा पेशंट एक तर दमलेला असतो, नाही तर खोटं बोलत असतो. तू कुठं दमलीयस?"

मग मला रडू फुटलं. आमच्या घरी मी आणि बाबा दोघंच. बाबा शिंपी. काही महिन्यांपासून त्यांना सुईत दोरा ओवता येईना, म्हणून रोज सकाळी दहा सुया ओवून मी शाळेला जायची. मी अठरा तास लांब गेले तर सुया कोण ओवणार? साखरेचा त्रास असलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे लक्ष कोण देणार?

काकू म्हणाल्या, "उद्या घेऊन ये त्यांना. डोळे तपासू, मग ठरव."

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी कोपऱ्यात भिंगांच्या पेटीत डोकं घालून उभी, काकू एकेक नंबर मागतायत, मी देतेय. बाबांनी आधी डाव्या डोळ्यानं तक्ता वाचला, मग उजव्या डोळ्यानं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, खणखणीत आवाजात. काकूंनी केसपेपरवर काही लिहिलं आणि त्या म्हणाल्या, "छान." त्या एका शब्दावर मी त्याच दुपारी लांबच्या कॉलेजाला होकार कळवला. किती आनंदात गेले होते मी!

तिसऱ्या वर्षी सुटीत आले, तेव्हा अभ्यासासाठी जुने केसपेपर चाळत होते. त्यात बाबांचा निघाला. काकूंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "उजवा डोळा: तीन मीटरवरून बोटं मोजतात. पडद्याला सूज. डावा सध्या ठीक. तक्ता पाठ केलाय. मुलीला सांगू नका म्हणतात. मला पटलेलं नाही."

झालं असं होतं, मंडळी, हे पुढे बाबांनीच सांगितलं. सरावासाठी इथल्याच अक्षरांचा एक जुना तक्ता मीच घरी नेऊन भिंतीवर लावला होता आणि रोज बाबांना समोर बसवत होते. बाबांनी तो तोंडपाठ करून टाकला. पण इथली तक्त्याची पेटी फिरती आहे, एका बाजूला अक्षरं, दुसऱ्या बाजूला आकडे. उजव्या डोळ्याची पाळी आली तशी काकूंना शंका आली आणि त्यांनी पेटी हळूच फिरवली. समोर आकडे होते आणि बाबा अक्षरं म्हणत होते! वाचून झाल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवून काकूंना खूण केली. माझी पाठ त्या सगळ्याकडे. मला काय कळणार?

त्या कागदाखाली तारखांची रांग होती. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, आधी उजव्या, मग डाव्याही, आणि "सोबत कोण" या रकान्यात बावीस वेळा काकूंची सही.

ती रांग मला दिसत होती, तरी माझं डोकं फिरलं. बाहेरच्या व्हरांड्यात, भर पेशंटांसमोर मी ओरडले, "माझं कॉलेज मी तुमच्या शब्दावर निवडलं! माझे बाबा माझ्यापासून लपवायला तुम्ही माझ्या कोण लागता?"

काकूंनी पुढच्या पेशंटला आत घेतलं. पुढची दोन वर्षं मी इकडे फिरकले नाही. त्या मात्र दर महिन्याला बाबांना न्यायला येत राहिल्या.

त्यांचं बरोबर होतं का? खरं सांगू, मला अजून वाटतं, नव्हतं. सोमवारपासून त्यांच्या खुर्चीत मी बसणार आहे. असा बाप माझ्यापुढे आला, तर मी त्याच्या मुलीला सांगेन. काकू, तुम्ही मान डोलावताय, म्हणजे तुम्हालाही पटतंय! पण तेव्हा मला कळलं असतं, तर मी घराजवळचंच कॉलेज धरलं असतं, आणि त्याबद्दल बाबांना आयुष्यभर टोमणे मारले असते. मला माझा स्वभाव माहीत आहे. बाबांना त्याहून जास्त माहीत होता. ते तिसऱ्या रांगेत बसलेत. उजवा डोळा गेला तो गेलाच. डावा वाचला, तो कुणामुळे हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात.

काकूंशी मी पुन्हा बोलू लागले, इथे नोकरीला लागले, चार वर्षं शेजारच्या खोलीत बसले. व्हरांड्यातला विषय ना त्यांनी काढला, ना मी. माझी हिंमतच झाली नाही.

अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त निघालं असेल, तर आपण ते पोटात घालाल याची मला खात्री आहे. पण त्या व्हरांड्यातल्या एका वाक्याची माफी आपल्याकडे मागून भागणार नाही. काकू, ती मी तुमच्याकडे मागते. आई असती तर तिनं जे केलं असतं ते तुम्ही करत होतात, आणि मी तुम्हाला विचारलं, तुम्ही माझ्या कोण. चुकलं माझं.