हळद लागलेला शाफ्ट

चहा गार झाला तरी चालंल, पण आधी हे ऐका, माझं डोकं अजून तापलेलं हाय. आमच्या तात्यांचा, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्यांचा, बारामतीत विमानाच्या इंजिनात फिरणारे दांडे, शाफ्ट, बनवायचा कारखाना हाय. तयार शाफ्ट भन्नाट वेगानं फिरवून त्याची थरथर सेन्सरवर तपासायची, हे माझं काम.

खंडेनवमीला तात्यांनी मशीनबरोबर एका तयार शाफ्टालाबी हळदीची ओली पाच बोटं उठवली, वर अक्षता चिकटवल्या. दसऱ्यानंतर कारखाना उघडला तोवर सगळं वाळून घट्ट बसलेलं. मी पुसायला गेले, तर म्हणाले, "पूजेची हळद हाय, हात लावू नको."

शाफ्ट फिरवला. अलार्म वाजला आणि मशीन आपोआप बंद पडलं.

"तुझा सेन्सर बिघडलाय," तात्या म्हणाले. "अलार्म बंद कर आन् पूर्ण वेगात फिरव. माल न्यायला गाडी दारात उभी हाय."

"तात्या, हळदीनं एका बाजूला वजन वाढलंय. पुसू द्या."

"देवाच्या हळदीनं कुठं शाफ्ट हादरतो व्हय? चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवतीस?"

माझं टाळकं सरकलं. "बरं, करते अलार्म बंद. तुमी हितंच, शाफ्टापाशी उभं ऱ्हावा."

तात्या सावकाश चालत, शाफ्ट तुटून उडाला तर आडोसा म्हणून बांधलेल्या काँक्रीटच्या भिंतीमागं जाऊन उभे राहिले आणि तिथनं म्हणाले, "हां, कर चालू."

मी बटणावरचा हात काढला. "तात्या, तुमाला भिंत हाय. विमानात बसलेल्या माणसांनी कुठं जायचं?"