घाट उतरण्याआधी

ऐन द्राहम या डोंगरातल्या गावात सकाळपासून बर्फ पडत होता. डोळ्यांच्या दवाखान्यात शाझलिया आपल्या नंबराची वाट पाहत होती. आतून एक म्हातारं जोडपं आलं आणि तिच्या शेजारी टेकलं.

“डोळे दाखवायला आले मी, आणि काचबिंदू निघाला तुम्हाला, हाजी!”

“रिकामा बसलो होतो म्हणून मशीनवर हनुवटी टेकवली. कुठून अवदसा आठवली!”

“कडेचं दिसत नाही म्हणे तुम्हाला.”

“समोरचं लख्ख दिसतं, मन्नूबिया.”

“गाडीच्या वाटेत बकऱ्या काय समोरूनच येतात? परवाची डावीकडची कुणी दाखवली?”

“तू ओरडलीस.”

“वर्षभर ओरडतेय. वाटायचं, मीच भित्री.”

“मला वाटायचं, तुला ओरडायची सवयच आहे... गेलेली नजर परत येईल का गं?”

“नाही म्हणाले डॉक्टर. थेंब घालून आहे ती राखायची.”

म्हाताऱ्याने खिशातून गाडीची चावी काढली.

“आज गाडीनं घाट तेवढा उतरतो. शेवटचा.”

“चावी द्या इकडे.”

“तुला कुठे गाडी चालवता येते?”

“नाही येत. म्हणून तर माझ्याकडे द्या.”

चावी मन्नूबियाच्या हातात खुळखुळली. मग म्हातारा शाझलियाकडे वळला.

“पोरी, खाली जायची बस कुठून सुटते?”