कार्डाला भोक

सरू : माझ्या नावाची शंभर कार्डं होती, मामा. शंभरच्या शंभर गणपतीच्या गळ्यात बांधलीत?

हैबतमामा : गळ्यात नाय गो. पाटाला, सुतळीनं. गळ्यात कोण बांधंल?

सरू : मी तुमच्याकडं कशाला दिली होती ती?

हैबतमामा : धाटावच्या कंपन्यांतली गिऱ्हाइकं येतात, त्यांना द्यायला. मंग दिली की. मूर्तीबरोबर एकेकाच्या घरी पोचली.

सरू : बुकिंगची चिठ्ठी म्हणून पोचली. माझ्या नावाच्या मागं गिऱ्हाइकाचं नाव लिहून.

हैबतमामा : चतुर्थी आठ दिवसांवर आली नि चिठ्ठ्यांचं बुक संपलं. साधा कागद लावला तर त्याचा पावसात लगदा होतो. मागल्या साली पनवेलवाल्याचा गणपती वडखळला गेला नि वडखळवाल्याचा पनवेलला. दोघं पूजा करून बसले, बदलायचं तरी कसं? तुझं कार्ड चांगलं जाड, पाठीमागं कोरं. म्हटलं, एका कामात दोन कामं होतील.

बायजामामी : मी म्हटलेलं, पोरीला आधी विचारा.

हैबतमामा : तू म्हणालीस, कार्ड छान हाय.

बायजामामी : छान हाय म्हणाले. भोक पाडा नाय म्हणाले.

सरू : हां, भोक. ते नेमकं तिथंच का पाडलंत, ते सांगा.

हैबतमामा : आता बघ. वर पाडलं तर तुझं नाव जातंय. खाली पाडलं तर फोन नंबर जातोय. मधी कायतरी बारीक बारीक लिवलेलं होतं, तिथं घातला दाभण.

सरू : ते बारीक म्हणजे माझं शिक्षण होतं, मामा. 'बी.एस्सी. रसायनशास्त्र, प्रयोगशाळेतील कामासाठी.' रोह्याच्या प्रेसवाल्याशी तासभर हुज्जत घालून बसवलं होतं ते. आता राहिलं काय? सरू घरत आणि नंबर. लोकांना वाटलं, गणपतीच्या कारखान्याचाच नंबर. अकरा फोन आले मला.

हैबतमामा : अकरा? बघ, म्हणजे कार्ड चाललं.

सरू : एकीच्या उंदराचा कान तुटला. एकाचा मुकुट मखरात मावेना. तो मला विचारतो, कापू का.

बायजामामी : मंग कापला का गो?

सरू : मखर कापा म्हटलं. मामी, तुम्ही हसू नका. सहा महिने मी धाटावच्या गेटांवर अर्ज देतेय. वॉचमन घेतो आणि ड्रॉवरात टाकतो. आतल्या एका तरी माणसाच्या हातात माझं नाव पडावं म्हणून शिकवण्यांच्या पैशातून कार्डं छापली. दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर बाबा मला अष्टमी गावातल्या मोबाईलच्या दुकानात उभी करणार आहेत. शब्दच देऊन आलेत ते दुकानदाराला.

हैबतमामा : कान्हूभाऊजी म्हणजे ना, शब्द द्यायला सगळ्यांच्या पुढं. बरं, त्या अकरांत धाटावचं कोणीच नव्हतं?

सरू : मी कुठं विचारलं? एकदा मात्र खरंच डोकं फिरलं. चतुर्थीच्या आदल्या रात्री एक बाप्या फोनवर. म्हणे, मूर्तीचा पिवळा रंग बोटाला लागतोय. मी म्हटलं, बोटावर पावडर बसते की चिकट लागतं? म्हणे, पावडर. म्हटलं, मग डिंक कमी पडलाय. चिकट असता तर वाळला नसता. पातळ डिंकाचं पाणी करा, ब्रश लावू नका, लांबून फवारा मारा आणि सकाळपर्यंत हात लावू नका.

बायजामामी : पिवळ्यात डिंक कमीच होता. मी तवाच म्हटलेलं.

हैबतमामा : तू काय काय म्हटलेलं त्याचं एक बुक छाप. पुढं काय झालं गो?

सरू : पुढं त्याच्या शंका संपेनात. किती पाण्याला किती डिंक, फवारा किती लांबून, पावडरीवरून कसं ओळखलं. परीक्षाच घेत होता जशी काय. शेवटी विचारतो, तुम्ही काय करता? मी म्हटलं, दुसऱ्यांच्या गणपतीच्या तक्रारी ऐकते. आणि ठेवला फोन.

हैबतमामा : पिवळं पितांबर ना? शेला कुठला म्हणाला?

सरू : मी शेला कशाला विचारू? हां, पिवळा रंग डाळिंबी शेल्यावर उतरेल का, असं काहीतरी म्हणत होता.

हैबतमामा : डाळिंबी शेला. दीड फूट, मोदक डाव्या हातात, उंदीर उजवीकडं वर बघतोय. बायजे, ती मूर्ती कोणाची?

बायजामामी : त्या कोळंबेसायबांची. त्यांची बायको तीनदा येऊन उंदराचे डोळे बदलून गेली.

सरू : कोण कोळंबेसाहेब?

हैबतमामा : आता कसं सांगू तुला. धाटावचे. कंपनीत लॅब हाय ना, तिथले सगळ्यात मोठे साहेब.

बायजामामी : बस गो, बस. पाणी देते.

सरू : मामा, मी त्यांच्या तोंडावर फोन ठेवला.

हैबतमामा : नंबर हाय ना तुझ्या फोनात? मंग उचल नि लाव.

सरू : काय सांगू त्यांना?

हैबतमामा : डिंक मामानं कमी घातला म्हण. माझ्यावर ढकल, मला सवय हाय.

(सरू फोन लावते. मामा हातातला ब्रश खाली ठेवतो.)

सरू : हॅलो, सर, मी सरू घरत. पेणहून… हो, गणपतीवाली. नाही, म्हणजे गणपतीवाली नाही, भाची आहे त्यांची. त्या दिवशी मी उद्धट बोलले, त्याची माफी… बसला रंग? बरं झालं. सर, त्या कार्डावर भोक आहे ना, तिथं माझं शिक्षण होतं… बी.एस्सी., केमिस्ट्री… नाही सर, हसा तुम्ही, इथंही सगळे हसतायत… सोमवारी? दहा वाजता? हो. गेटवर तुमचं नाव सांगते. हो सर, मार्कशीट आणते.

बायजामामी : नोकरी दिली?

सरू : भेटायला बोलावलंय. नोकरीचं भेटल्यावर बघू म्हणाले.

हैबतमामा : वॉचमनच्या ड्रॉवराच्या तर पलीकडं गेलीस. जाताना कार्ड घेऊन जा, त्यांच्याकडं भोकाचंच हाय.

सरू : कुठून नेऊ? शंभर संपली.

बायजामामी : नव्याण्णव संपली. एक आपल्या घरच्या गणपतीच्या पाटाखाली होतं, विसर्जनाच्या वक्ताला काढून ठेवलं मी. हे घे.

हैबतमामा : ते नको. ते राहू दे गो.

सरू : का? चांगलं आहे की. याला भोकसुद्धा नाही.

हैबतमामा : घरच्या मूर्तीला कोण चिठ्ठी बांधतो? पाठीमागं कायतरी खरडलंय मी. ते खोडून टाक नि मंग साहेबांना दे.

सरू : 'नाव, सरू. काय पायजे, नोकरी. कधी पायजे, लवकर.'

बायजामामी : दीड दिवस हे दर आरतीला त्या पाटाकडंच बघत होते. मला वाटलं, पाट हलतोय.

हैबतमामा : आण इकडं, मी खोडतो.

सरू : नको मामा. हे मी साहेबांना देणार नाही.